केमिकल इक्वेशन बॅलन्स करताना खालचा आकडा बदलला तर काय बिघडतं?

कॉमर्सवाला_मामा:
नमस्कार मंडळी. मी कॉमर्सचा माणूस, दहावीनंतर केमिस्ट्रीचं आणि माझं फाटलं ते कायमचं, पण सध्या भाची सुट्टीला आलीय, आता नववीत जाणार, आणि तिने रासायनिक समीकरणं संतुलित करायचा चॅप्टर आणून माझ्यापुढे आपटला. वर म्हणते, मामा तू दिवसभर डेबिट-क्रेडिट जुळवतोस ना, मग हे पण तेच आहे. मलाही वाटलं तेच असेल. नाहीये. (की-बोर्ड मराठी आहे त्यामुळे फॉर्म्युले पण मराठी अक्षरांतच टाकतोय, सांभाळून घ्या.)

पहिलंच उदाहरण हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी. एच₂ + ओ₂ → एच₂ओ. डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे एक. पोरीने शांतपणे उजवीकडच्या ओ च्या खाली छोटा २ काढला, एच₂ओ₂, आणि म्हणाली झालं. मी मोजून बघितलं तर खरंच झालं होतं की! हायड्रोजन दोनाला दोन, ऑक्सिजन दोनाला दोन. पुस्तकात मात्र उत्तर २ एच₂ + ओ₂ → २ एच₂ओ. आता तिला काय सांगायचं, पुस्तकात आहे म्हणून? तेही सांगून बघितलं, तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की पुन्हा सांगायची हिंमत नाही.

मग पुढचं एक आलं एफईएस₂ + ओ₂ → एफई₂ओ₃ + एसओ₂. यात आमची तीन पानं आणि एक तास गेला. लोखंड जुळवलं की गंधक बिघडतं, गंधक धरलं की ऑक्सिजन पळतो, ऑक्सिजन पकडला की परत लोखंड. याला काही रीत आहे का, की आकडे टाकत बसायचं आणि लागला तर लागला? आणि मधेच साडेपाच वगैरे आला तर ते चालतं का? बहिणीला फोन केला तर म्हणाली मी आर्ट्सला होते.

परीक्षानळी:
मामा, आधी भाचीची पाठ थोपटा, कारण तिचं मोजणं चुकलेलं नाही. एच₂ + ओ₂ → एच₂ओ₂ हे समीकरण संतुलितच आहे. फक्त ते पाण्याचं नाही, हायड्रोजन पेरॉक्साइडचं आहे, म्हणजे जखम धुवायला आणि केसांचा रंग उडवायला वापरतात ते. प्रश्न होता पाण्याचा, तिने उत्तर दिलं दुसऱ्याच पदार्थाचं. खालचा छोटा आकडा हा त्या पदार्थाच्या रेणूचा भाग आहे, तो बदलला की पदार्थ बदलला. सीओ मध्ये एक ओ वाढवला की सीओ₂ होतो, आणि पहिला विषारी वायू, दुसरा आपण श्वासातून बाहेर टाकतो तो. (मराठीत टाईप केल्यावर कार्बन मोनॉक्साइड आणि कोबाल्ट सारखेच दिसतात हे आत्ता लक्षात आलं, इंग्रजीत निदान ओ मोठा का लहान त्यावरून कळतं.)

तुमच्याच भाषेत सांगायचं तर प्रत्येक फॉर्म्युला म्हणजे एक व्हाउचर. ताळा जुळत नाही म्हणून तुम्ही व्हाउचरवरची रक्कम खोडून दुसरी लिहिता का? नाही ना. तशी व्हाउचरं किती आहेत ते मोजता. पुढचा मोठा आकडा म्हणजे व्हाउचरांची संख्या, खालचा छोटा आकडा म्हणजे व्हाउचरवर छापलेला मजकूर. खाडाखोड बंद, बास.

आणि हे दोन आकडे वेगळे आहेत हे लिखाणातही लगेच ठरलं नव्हतं बरं का, बर्झेलिअस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८१३-१४ च्या सुमारास मूलद्रव्यांना अक्षरांच्या संज्ञा दिल्या तेव्हा तो हे छोटे आकडे वरच्या बाजूला लिहायचा, आपण घात लिहितो तसे. खाली यायला अजून काही वर्षं गेली. त्यामुळे पोरांचा गोंधळ झाला तर मला कधी राग येत नाही.

जुळवायचं कशासाठी, तर अणू हरवत नाहीत आणि हवेतून टपकतही नाहीत म्हणून. लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने १७७४ मध्ये कथील बंद भांड्यात तापवून सगळ्याचं वजन केलं, आधी आणि नंतर सारखंच. तुमचं पाणी घ्या, ४ ग्रॅम हायड्रोजन आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन, पाणी ३६ ग्रॅम. भाचीला हा वजनाचा हिशेब करून बघायला लावा, आकड्यांपेक्षा लवकर पटतं.

एकावेळी_एकच:
परीक्षानळी ताईंना +१. मी एफईएस₂ वर येतो कारण ते माझं आवडतं आहे, सगळ्यांना रडवतं आणि खरं तर दोन मिनिटांचं काम आहे.

तुमची चूक एवढीच की तुम्ही ऑक्सिजनला मधेच हात लावला. डावीकडे ओ₂ एकटा उभा आहे, त्याच्याबरोबर दुसरं कोणी नाही. अशा एकट्या मूलद्रव्याला शेवटपर्यंत शिवायचं नाही, कारण त्याच्या पुढचा आकडा कितीही बदला, दुसरं काहीच हलत नाही. हलणारं आधी, न हलवणारं शेवटी. आता बघा. सुरुवात लोखंडापासून कारण ते दोन्ही बाजूंना एकेकाच जागी आहे. उजवीकडे एफई₂ओ₃ मध्ये दोन, म्हणून डावीकडे २ एफईएस₂. हे केल्याबरोबर गंधक झालं चार, म्हणून उजवीकडे ४ एसओ₂. लोखंड परत बघायची गरज नाही, ते बसलंय. आता फक्त ऑक्सिजन उरला. उजवीकडे मोजा, एफई₂ओ₃ चे ३ आणि ४ एसओ₂ चे ८, एकूण ११. डावीकडे ऑक्सिजन येतो जोडीने, म्हणजे ११ अणूंसाठी साडेपाच जोड्या. घाबरायचं नाही, लिहा साडेपाच. आणि मग अख्ख्या समीकरणाला दोनाने गुणा.

४ एफईएस₂ + ११ ओ₂ → २ एफई₂ओ₃ + ८ एसओ₂

ताळा: लोखंड ४ आणि ४, गंधक ८ आणि ८, ऑक्सिजन २२ आणि ६ अधिक १६ म्हणजे २२. तुमच्या प्रश्नाचं उत्तर, अपूर्णांक मधल्या पायरीला बिनधास्त चालतो, शेवटी मात्र सगळ्यात लहान पूर्णांकात आणायचं, म्हणजे ८, २२, ४, १६ असं आलं तर तेही जुळतं पण अर्धं करून टाका. अर्धा रेणू नसतो म्हणून साडेपाच चूक असं काही सर ओरडतात ते मला पटत नाही, तो आकडा प्रमाण दाखवतोय, कॉलेजात गेल्यावर हेच लोक उष्णतेच्या गणितात ½ ओ₂ स्वतः लिहितात.

ब्युटेन जळण्याचं करून बघायला सांगा तिला, सी₄एच₁₀ + ओ₂ → सीओ₂ + एच₂ओ. आधी कार्बन, मग हायड्रोजन, शेवटी ऑक्सिजन, परत तोच अर्ध्याचा खेळ. २, १३, ८, १० यायला पाहिजे.

अज्ञात_क्ष:
एवढं सगळं लक्षात ठेवण्यापेक्षा बीजगणित का नाही वापरत कोणी? प्रत्येक पदार्थापुढे अक्षर ठेवा. अ एफईएस₂ + ब ओ₂ → क एफई₂ओ₃ + ड एसओ₂. लोखंडावरून अ = २क, गंधकावरून २अ = ड, ऑक्सिजनवरून २ब = ३क + २ड. क ला १ धरा, अ २, ड ४, ब साडेपाच, दुप्पट करा, संपलं. अंदाज नाही, आधी कोण नंतर कोण नाही. कॉम्प्युटर हेच करतो, मोठं असेल तर मॅट्रिक्स मांडून. हिट अँड ट्रायल शिकवणं म्हणजे पोरांना कुलूप देऊन चाव्यांचा जुडगा चाचपडायला लावणं आहे.

एकावेळी_एकच:
नववीच्या पोरीला मॅट्रिक्स? आणि मी वर केलं ते हिट अँड ट्रायल नाहीये साहेब, तुम्ही तीन समीकरणं लिहून जे केलंत तेच मी तोंडी केलं, त्याच क्रमाने. अक्षरांची पद्धत चांगली आहे पण पोरं त्यात अ ब क च्या मागे धावतात आणि समोर लोखंड आहे की लाकूड हे विसरतात.

परीक्षानळी:
भांडू नका. मी पेपर तपासते तेव्हा निम्म्या चुका बॅलन्सिंगच्या नसतातच, त्याच्या आधीच फॉर्म्युला चुकलेला असतो. मॅग्नेशियम क्लोराइडचं एमजीसीएल लिहितात, एमजीसीएल₂ पाहिजे असतं, संयुजा (अणूची जोडले जायची क्षमता) बघितलेलीच नसते, आणि मग अर्धा तास चुकीची गोष्ट जुळवत बसतात, ती पण जुळते, हीच तर पंचाईत. दुसरी चूक म्हणजे वायू एकटा लिहिणं. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन, ही सात मंडळी मोकळी असली की जोडीने असतात, ही यादी पाठच करायची, इथे समजून घेण्यासारखं नववीत फार काही नाही.

तिसरी गोष्ट कंसाची. एएल₂(एसओ₄)₃ + सीए(ओएच)₂ → एएल(ओएच)₃ + सीएएसओ₄ असलं काही आलं की पोरं ऑक्सिजन मोजायला बसतात, बारा आणि दोन चौदा आणि पलीकडे तीन आणि चार सात. नका मोजू. एसओ₄ (सल्फेट) हे गाठोडं अख्खं इकडून तिकडे गेलंय, ओएच पण अख्खं गेलंय, मग गाठोडीच मोजा. डावीकडे सल्फेट तीन म्हणून ३ सीएएसओ₄, म्हणून ३ सीए(ओएच)₂, म्हणून ओएच सहा, म्हणून २ एएल(ओएच)₃. ऑक्सिजनचं नाव न घेता झालं. फक्त गाठोडं फुटलेलं नाही ना ते बघायचं. लेड नायट्रेट तापवलं की नायट्रेट फुटतं, २ पीबी(एनओ₃)₂ → २ पीबीओ + ४ एनओ₂ + ओ₂, तिथे ही युक्ती लावली की आपटलात.

जुना_लॅबवाला:
अज्ञात_क्ष यांच्यासाठी एक छोटंसं. कुलपाच्या चाव्या म्हणालात म्हणून. हे तुमच्या पद्धतीने सोडवा, घाई नाही:

केएमएनओ₄ + एच₂ओ₂ + एच₂एसओ₄ → के₂एसओ₄ + एमएनएसओ₄ + एच₂ओ + ओ₂

अज्ञात_क्ष:
सोपं आहे. २, १, ३ → १, २, ४, ३. पोटॅशियम दोन-दोन, मँगनीज दोन-दोन, गंधक तीन-तीन, हायड्रोजन आठ-आठ, ऑक्सिजन बावीस-बावीस. पुढे?

जुना_लॅबवाला:
सगळं बरोबर मोजलंत आणि उत्तर चूक. मी हे टायट्रेशन (एकात दुसरं थेंब-थेंब सोडून प्रमाण मोजणं) इतक्या वेळा केलंय की ब्युरेटचा, म्हणजे त्या मापाच्या नळीचा, नळ झोपेतही बरोबर बंद करेन, परमँगनेटचा (केएमएनओ₄) जांभळा थेंब पडतो, विरतो, पडतो, विरतो, आणि एका थेंबाला फिकट गुलाबी रंग टिकून राहतो, तिथे थांबायचं. आकडे लिहून हिशेब केला की दर दोन परमँगनेटला पेरॉक्साइड पाच लागतं. एक नाही. खरं समीकरण असं:

२ केएमएनओ₄ + ५ एच₂ओ₂ + ३ एच₂एसओ₄ → के₂एसओ₄ + २ एमएनएसओ₄ + ८ एच₂ओ + ५ ओ₂

हेही मोजा, ऑक्सिजन तीस-तीस. म्हणजे अणूंच्या हिशेबात तुमचंही पास, माझंही पास. पेरॉक्साइड ३ घेऊन पाणी ६ आणि ऑक्सिजन ४ केलं तरी पास. ७ घेतलं तरी पास. कारण पेरॉक्साइड आपलं आपण फुटून पाणी आणि ऑक्सिजन होतं, २ एच₂ओ₂ → २ एच₂ओ + ओ₂, हे आधीच जुळलेलं समीकरण तुम्ही कितीही वेळा त्यात मिसळू शकता, ताळा बिघडणारच नाही. तुमच्याकडे अज्ञात सात आणि मूलद्रव्यं पाच, एक अक्षर १ धरलं तरी अजून एक मोकळं राहतंच.

मग पाच कुठून आले? इलेक्ट्रॉन मोजून. परमँगनेटमधला मँगनीज +७ वरून +२ ला येतो (हे आकडे म्हणजे अणूच्या इलेक्ट्रॉन देण्या-घेण्याचा हिशेब), म्हणजे प्रत्येकी ५ इलेक्ट्रॉन घेतो, दोघांचे १०. पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन −१ वरून ० ला जातो, रेणूत दोन ऑक्सिजन म्हणून रेणूमागे २ इलेक्ट्रॉन देतो. घेणाऱ्याला १० हवेत, देणारा २-२ देतो, म्हणून देणारे पाच. तुमच्या समीकरणात एकटं पेरॉक्साइड २ देऊन बसलंय आणि बाकीचे ८ कोण देणार याचा पत्ता नाही.

मामा, भाचीला हे आत्ता सांगू नका. तुम्हाला सांगायचं कारण एवढंच की अणू जुळले म्हणजे काम संपलं असं तिला पक्कं करून देऊ नका, पुढे दोन वर्षांनी ते सोडवायला जास्त त्रास होतो. असंच विद्युतभाराचं पण. तांबं आणि चांदीचं घ्या, सीयू + एजी⁺ → सीयू²⁺ + एजी, अणू बघितले तर जुळलेत, पण डावीकडे भार एक आणि उजवीकडे दोन. चांदी दोन घ्यावी लागते.

अज्ञात_क्ष:
मानलं. भाराचं आणि इलेक्ट्रॉनचं एक-एक समीकरण मीही वाढवू शकतो म्हणा, पण ते वाढवायला हवं हे मला बीजगणिताने सांगितलं नसतं. कुलूप माझ्याच हातात राहिलं.

कॉमर्सवाला_मामा:
सगळ्यांचे आभार, मँगनीजचं मी दोनदा वाचलं आणि मोबाईल उलटा ठेवला. पण बाकीचं कामाला आलं, म्हणून अपडेट देतोय.

व्हाउचरचं उदाहरण भाचीला सांगितलं, तिला व्हाउचर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यामुळे ते फुकट गेलं. वजनाचं पटलं. मग मी शिवणाच्या डब्यातून बटणं काढली, पांढरी म्हणजे हायड्रोजन, लाल म्हणजे ऑक्सिजन, आणि दोन पांढरी दोऱ्यात ओवून एक रेणू, दोन लाल ओवून एक रेणू. म्हटलं हे दोरे सोड आणि यातून पाणी बनव, पाणी म्हणजे एक लाल दोन पांढरी, दुसरं काही बनवायचं नाही आणि बटण उरवायचं नाही. तिने पाणी बनवलं, एक लाल बटण उरलं. ते चिमटीत धरून थोडा वेळ बसली. मी गप्प. मग म्हणाली, हे चिकटवलं तर ते पेरॉक्साइड होईल ना? म्हटलं हो. मग म्हणाली, अजून एक हायड्रोजनची जोडी दे. दिली. दोन पाणी झाली, डबा रिकामा. वहीत स्वतःच मोठा २ लिहिला, दोन्हीकडे.

एफईएस₂ ला मात्र घरातली बटणं पुरली नाहीत. ते तिने एकावेळी_एकच यांच्या रीतीने केलं, साडेपाचला थोडी अडली, "साडेपाच जोड्या म्हणजे अकरा चपला" असं स्वतःशीच म्हणाली आणि पुढे गेली. ब्युटेन पहिल्या झटक्यात. आता ती मनाने समीकरणं बनवतेय, आत्ताच एक आणून दाखवलं सीयू + २ एचसीएल → सीयूसीएल₂ + एच₂. मी मोजलं, जुळतंय. बरोबर आहे ना? मी बरोबर म्हणून बसलोय.

परीक्षानळी:
अकरा चपला मी वर्गात वापरणार, भाचीला विचारून ठेवा.

समीकरण जुळतंय पण घडत नाही हो. तांबं साध्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकलं तर हायड्रोजन निघत नाही, तांब्याची तेवढी ताकद नाही, जस्त टाकलं तर निघतो बुडबुड करत. कागदाला हे कळत नाही, कागदावर काहीही जुळतं. तिला सांगा तांब्याच्या जागी जस्त घाल, झेडएन, आकडे तेच राहतील.

तांब्याचंच हवं असेल तर विरल नायट्रिक ॲसिडबरोबरचं द्या, ते खरंच होतं: सीयू + एचएनओ₃ → सीयू(एनओ₃)₂ + एनओ + एच₂ओ. एक सूचना फक्त, काही नायट्रेट अख्खं राहिलंय आणि काही फुटलंय, त्यामुळे नायट्रोजन उजवीकडे दोन ठिकाणी बसलाय.

जुना_लॅबवाला:
ताई, नववीला हे? इलेक्ट्रॉन न मोजता?

परीक्षानळी:
बघू या ना. हायड्रोजनपासून सुरू केलं तर येतं.

कॉमर्सवाला_मामा:
३, ८, ३, २, ४. पंचवीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा माझ्यामुळे, मी नायट्रोजनपासून सुरू करायला लावलं होतं. ऑक्सिजन चोवीस-चोवीस, ताळा मी केलाय. आता ती विचारतेय, तांब्याची ताकद नाही म्हणजे काय, आणि ताकद मोजतात कशाने?

जुना_लॅबवाला:
त्याला नवीन धागा काढा मामा. बटणं आवरून ठेवा, त्याला लागणार नाहीत.